क्षौर

साईनाथचा वस्तरा माझ्या उजव्या गालावरून जबड्याच्या हाडापर्यंत आला आणि थांबला. आधी वाटलं, टीव्हीवर काही नवीन फुटलं असेल. त्या दिवसांत वाशिंदमधली सगळीच कामं अशी थांबत थांबत चालली होती. दूधवाला एका हातात मोबाईल धरून युद्ध बघायचा आणि दुसऱ्या हातातलं माप कलायचं. पण टीव्हीवर तेच चाललं होतं. चौकटी-चौकटींतून माणसं ओरडत होती, त्या सगळ्यांना पलीकडच्या देशाचं काय करायचं ते नक्की माहीत होतं, आणि त्यांच्यामध्ये एका पडलेल्या घरापुढं दोन पोरं बसली होती. अंगभर सिमेंटची पूड, हळदीला बसवल्यासारखी सगळीकडं सारखी माखलेली. ती बघून मी काहीतरी बोललो होतो. काय बोललो ते आठवायला त्या थांबलेल्या वस्तऱ्याखाली मला थोडा वेळ लागला. ‘बिचारी पोरं,’ एवढंच बोललो होतो.

“कोणाची पोरं?” साईनाथनं आरशातून विचारलं.

“कोणाचीही. पोरं आहेत.”

“तिकडची हायेत ती.”

“हो, पण...”

“माझा भाव बॉर्डरला हाय, काका. संदीप. त्याचा फोन लागत नाय. आई जेवायला बसते आन् उठते. आन् तुमी माझ्या खुर्चीत बसून तिकडच्यांची पोरं बिचारी करता?”

याला उत्तर होतं. मी राज्यशास्त्रात बी.ए. केलेलं आहे, म्हणजे राज्य कसं चालायला हवं होतं ते मला पदवीसह माहीत आहे. दोन्हीकडच्या आया, दोन्हीकडची पोरं, असं एक नीट वाक्य माझ्याकडं तयार होतं, ते मी आमच्या विचार मंचात दोनदा वापरलंही होतं. पण गळ्याशी पातं असताना नीट वाक्य बोलता येत नाही, गळ्याची घाटी हलते. शिवाय साईनाथचे डोळे लाल होते. दहा वर्षं तो माझी रविवारची दाढी करत होता आणि त्याला भाऊ आहे हे मला त्या क्षणी कळत होतं. त्यानं वस्तरा पुसला, माझ्या अंगावरचं कापड ओढलं, झटकलं. “उठा. पैसे नकोत.” डावा गाल तसाच, आठवड्याची पांढरी खुंटं आणि वर साबण. मी माझ्याच रुमालानं फेस पुसत बाहेर आलो तेव्हा बाकावरचा एक पिवळ्या टी-शर्टवाला मोबाईल उंच धरून उभा होता. मला वाटलं, रेंज शोधतोय.

स्टेशन रोडवर चार सलून आहेत. पुढच्यात शिरणार तोच फोन वाजला आणि स्क्रीनवर शेखरचं नाव आलं. माझा धाकटा भाऊ. गेल्या गणपतीपासून आमच्यात बोलणं नव्हतं. अशा भावाचं नाव उमटलं की उचलायच्या आधीच बातमी कळते. “दादा. बाबा गेले. ये.” मागं बायकांचं रडणं ऐकू येत होतं, त्यातलं गिरजा आत्याचं मी ओळखलं. फोन ठेवला आणि मी सलूनच्या काचेच्या दारापुढं उभा राहिलो. आतला माणूस या या म्हणत होता. दोन मिनिटांचं काम. पण वडील गेले म्हणजे सुतक लागलं आणि सुतकात दाढी करत नाहीत, दहाव्याच्या क्षौरापर्यंत नाही. सुतक ही कशी भाकडकथा आहे यावर मी याच तोंडानं, म्हणजे दोन्ही गालांच्या तोंडानं, तासभर बोललेला माणूस. टाळ्याही पडल्या होत्या. आणि आता पाय उंबऱ्यावरून आत जाईना. गुळगुळीत गालानं बापापुढं गेलो तर बाप मेल्याचं कळल्यावर हा दाढीला बसला असं होणार. असाच गेलो तर काय होणार ते मला माहीत नव्हतं, कारण असं कोणी गेल्याचं ऐकलं नव्हतं. माझी बायको संजीवनी लेकीकडं पुण्याला होती, ती परस्पर निघाली. मी शहापूरच्या रिक्षात बसलो. उजवीकडं बसलेल्या बाईला मी लग्नाला निघालेला गृहस्थ दिसत असणार. डावीकडचा माणूस मात्र सरकून बसला.

शहापुरात एसटीची वाट बघताना भगीरथचा फोन आला. भगीरथ आमच्या विचार मंचाचा अध्यक्ष, निवृत्त शिक्षक, आवाज अजून वर्गात असल्यासारखा. “कमळाकर, व्हिडिओ बघितला! काय अवस्था केली रे तुझी त्यांनी. पण मी सांगतो, ती दाढी तशीच ठेव. अजिबात हात लावू नकोस. एवढं बोलकं प्रतीक आपल्याला मिळायचं नाही. युद्ध थांबेपर्यंत अर्धीच, असं जाहीर करू.” मी म्हणालो, माझे वडील गेले. “अरेरे. अरेरे रे. कधी?” आणि मग खालच्या आवाजात, “तरी जमलं तर फोटो एक पाठव. डावीकडून.” मी बरं म्हणालो. मी नेहमी बरं म्हणतो. व्हिडिओ म्हणजे काय ते तेव्हा कळलं. पिवळ्या टी-शर्टवाल्याला रेंज चांगली मिळाली होती.

किन्हवली गेलं, सरळगाव आलं, तिथं गाडी बदलली. खिडकीबाहेर मे महिन्याची रिकामी खाचरं, राब भाजलेले काळे चौकोन, लांब माळशेजचे डोंगर धुळीत बुडालेले. वारा एका गालाला लागत होता, दुसऱ्याला नाही. मला बाबांची दाढी आठवत होती. पडवीच्या खांबाशी ते उकिडवे बसायचे, मी आरसा धरायचा, शेखरनं पाण्याची वाटी. आरशात बघताना बाबा आपलं तोंड असं वेडंवाकडं करायचे की आम्हांला हसू यायचं, आणि हसलं की आरसा हलायचा. “आरसा हलवू नको रं, माझा कान जाईल.” ज्याची चूक होईल त्याच्या नाकाला फेस. शेवटी तुरटी फिरवायचे, मग ओला थंडगार गाल आमच्या गालांना लावायचे, एकदा मला, एकदा शेखरला. हिशेब चुकू द्यायचे नाहीत. दामू पाटलांनी आयुष्यभर कोणाला मत दिलं ते आईलासुद्धा सांगितलं नाही. ती विचारायची, आवो कोणाला, तर म्हणायचे, त्याला. आणि अशा माणसाच्या पोटी आम्ही दोघं. शेखर तालुक्याच्या पक्षाचा उपाध्यक्ष, मी मंचाचा सहचिटणीस. गेल्या गणपतीत आरती संपल्यावर शेखरच्या पोरांनी घोषणा सुरू केल्या. आधी देवाच्या, मग देशाच्या, मग कोणाकोणाला कुठं पाठवायचं त्याच्या. मी टाळ्या थांबवल्या. म्हणालो, देवासमोर हे नको. शेखर म्हणाला, देव कोणाचा हाय मग, तुझ्या मंचाचा? मी म्हणालो, तुमचा पक्ष मेलेल्यांच्या जिवावर जगतो. तो म्हणाला, तुला देवाचं पण काय नाय आन् देशाचं पण काय नाय, तू गावाला येतोस तो निस्ता तांदूळ न्यायला. तांदळाचं खरं होतं. बाबा दोन्ही हातांत आरतीचं ताट धरून मध्ये उभे होते. आम्ही बराच वेळ बोललो, नीतीबद्दल, धर्माबद्दल, इतिहासाबद्दल, गेलेल्या आणि येणाऱ्या युद्धांबद्दल, आणि मी त्याच संध्याकाळी निघालो. ताट अजून हातात घेऊन बाबा दारापर्यंत आले. “कापूर इझला रं,” एवढंच म्हणाले. त्यानंतर दर रविवारी फोनवर विचारायचे, जेवलास का. शेखरबद्दल मी विचारायचो नाही, ते सांगायचे नाहीत. मग दोघंही थोडा वेळ फोन धरून श्वास ऐकायचो.

टोकावड्याला उतरून आत गावात गेलो. अंगणात तिरडी बांधून तयार होती आणि माझीच वाट बघत होते. लोक बाजूला झाले. गिरजा आत्यानं मला मिठी मारायला हात पसरले आणि ते तसेच राहिले. “आरं कमळ्या,” ती म्हणाली, रडता रडता तिचा आवाज एकदम रोजचा झाला, “बाप जिता व्हता तवाच क्षौराला बसलास व्हय रं?” मी तिला सांगायला लागलो, की आत्या, मी दाढीला बसलो तेव्हा मला माहीत नव्हतं, आणि मग अर्ध्यावर... पण अर्ध्यावर का, ते सांगायला युद्धापासून सुरुवात करावी लागली असती. बाबा पडवीत खांबाशी निजवलेले होते. दाढी झालेली, कालच केली असणार, दोन्ही गाल सारखे. नाकात कापूस. मी वाकलो आणि माझा गाल त्यांच्या गालाला लावला. कुठला लावला ते माझ्या लक्षात नाही असं म्हणायला मला आवडलं असतं. गुळगुळीत लावला. खुंटं टोचतील असं वाटलं.

शेखरनं दंडाला धरून मला गोठ्यामागं नेलं. तो बारीक झाला होता. गळ्यात पक्षाचं उपरणं नव्हतं, निदान तेव्हा नव्हतं. माझ्या तोंडाकडं बघून म्हणाला, “हे काय, आंदोलन हाय?”

“नाही रे. त्यानं मधेच उठवलं.”

“मला माहीत हाय. सगळ्यांना माहीत हाय. आख्ख्या मुरबाड तालुक्याच्या ग्रुपवर फिरतंय. ‘सलूनवाल्यानं देशद्रोह्याला अर्ध्यावर उठवला.’ खाली तुझं नाव. गावाचं नाव. आन् कोणीतरी माझं टाकलंय, यांचे बंधू म्हणून.” त्यानं तोंडावरून हात फिरवला. “पोरं बोलतात, मडकं तुझ्या हातात असंल तर आमी मातीला नाय येणार.”

“कोण पोरं?”

“पोरं. सगळी.”

“मी थोरला आहे,” मी म्हणालो. वंशपरंपरा, थोरलेपण, अग्नीचा मान, या सगळ्यावर माझी मतं छापून आलेली आहेत. पण ते शब्द माझ्या तोंडून इतके पटकन आले की जणू रांगेत पुढंच उभे होते. मला ते मडकं हवं होतं. दुसरं काही नको होतं. बाबांच्या पुढं चालत, शिंकाळ्यातला विस्तव सांभाळत नदीपर्यंत जायचं, एवढं एक मला आठ महिन्यांच्या रविवारांच्या बदल्यात हवं होतं.

“मला पण तेच पायजे, दादा. बाबा बोललेले, आगीला कमळ्याच. परवाच बोलले.” त्यानं खिशातून मोबाईल काढला. “एकदा घोषणा दे. मी घेतो. ग्रुपवर टाकतो, गैरसमज झाला बोलतो. इषय संपला.”

“शेखर, बाप आत पडलाय.”

“तू जाशील वाशिंदला!” तो ओरडला, आणि लगेच आवाज खाली आणला. “तू जाशील रे. मला हितंच मरायचंय. आज ही पोरं नाय आली, तर उद्या मला कोण उचलणार? तुझा मंच येणार हाय?”

मंच टोकावड्याला येणार नव्हता. भगीरथला घाटाकडच्या रस्त्यावर गाडी लागते.

ती घोषणा काही वाईट नव्हती. माझीच होती ती. शाळेत पंधरा ऑगस्टला प्रभातफेरीच्या पुढं मी असायचो कारण माझा आवाज मोठा, आणि मी ती दिली की मागून सगळी शाळा द्यायची, अंगावर काटा यायचा, बाबा खाचरातून मान वर करून बघायचे. इतक्या वर्षांत मी ती कधी टाकली नव्हती. फक्त कोणी म्हण म्हणून सांगितलं की माझी जीभ बसायची. शेणाचा वास येत होता, म्हैस रवंथ करत होती, शेखरनं मोबाईल समोर धरला होता. मी घोषणा दिली. “हिकडून नको,” तो म्हणाला, “दाढी दिसते.” मी उजवा गाल पुढं केला. पुन्हा दिली. “दादा, हसतोयस तू.” मी हसत नव्हतो, पण त्यानं दाखवलं तेव्हा खरंच तसं दिसत होतं. तिसऱ्यांदा बरोबर आली. शेखरनं ती मला बघायला दिली. स्वच्छ दाढीचा, खणखणीत आवाजाचा, शंभर टक्के खात्री असलेला एक मध्यमवयीन माणूस. मला तो पटला.

मडकं माझ्या हातात आलं. आमच्याकडं मडकं धरणारा पुढं चालतो आणि मागं वळून बघत नाही. मी बघितलं नाही. मागं पावलं खूप होती, त्यांच्या आवाजावरून कळत होतं की पोरं आली, सगळी आली. वेशीवर गाड्या थांबल्याचा आवाज आला, दारं लागली, कोणीतरी मोठं माणूस आलं असावं. तिरडी क्षणभर थांबल्याचं जाणवलं, काही कुजबुज, कापडाची सळसळ. मग घोषणा सुरू झाल्या. बाबांच्या नावानं अमर रहे, मग निष्ठावंत अमर रहे, मग पक्षाच्या, मग त्या नेहमीच्या, कोणाकोणाला कुठं पाठवायचं त्याच्या. सगळ्या गणपतीतल्याच. विस्तवाची धग माझ्या पोटऱ्यांना लागत होती आणि धूर डोळ्यांत जात होता. मागं वळून बघायचं नव्हतं, म्हणून बाबांच्या अंगावर काय घातलंय ते मला थेट नदीवर, लाकडांपाशी दिसलं. पायापासून छातीपर्यंत पक्षाचं मोठं उपरणं, त्यावर चिन्ह, बरोबर पोटावर. ज्या माणसानं बायकोला सुद्धा मत सांगितलं नाही, त्याचं मत आता सगळ्या तालुक्याला दिसत होतं. शेखर माझ्याकडं बघत नव्हता. मी अग्नी दिला. बाबांना हवा होता तसा थोरल्यानं दिला. सगळ्यांत आधी ते उपरणंच पेटलं. सिंथेटिक होतं.

दहा दिवस मी त्या घरात राहिलो. भेटायला येणारा प्रत्येक जण आधी डावीकडं बघायचा, मग उजवीकडं, मग जमिनीकडं. शेखरची बायको नम्रता मला मागच्या पडवीत जेवायला वाढायची, न मागता, तिथं आरसा नव्हता म्हणून असेल. भगीरथचा निरोप आला: दुसरा व्हिडिओ पाहिला, दुःख झालं, आपल्याकडून ही अपेक्षा नव्हती, मंचाच्या बैठकीत विषय घ्यावा लागेल. त्याखाली वडिलांना श्रद्धांजली होती. मधेच केव्हातरी युद्ध थांबलं. आपण जिंकलो असं इथं सगळे म्हणाले, तिकडेही पेढे वाटले म्हणे. उजव्या गालावर खुंटं आली, वाढली, पांढरी झाली. दहाव्याच्या दिवशी सकाळी मी नुसत्या बोटांनी चाचपून बघितलं तर कुठला गाल कुठला ते कळत नव्हतं. एवढ्याशा गोष्टीसाठी एवढं झालं होतं आणि ती गोष्ट तर आपोआप मिटत होती, केसाच्या गतीनं.

नदीवर बारकू आला, वस्तरा आणि वाटी घेऊन. माझं डोकं झालं, दाढी झाली. मग शेखर बसला आणि बारकूनं हात मोकळे हवेत म्हणून आरसा माझ्याकडं दिला. “धरा जरा, दादा.” मी धरला. शेखरच्या कपाळावरून केस गळत गेले आणि खालून बाबा वर येत गेले. तीच कवटी, तीच कानामागची खाच. आरशाच्या कडेला माझंही डोकं दिसत होतं, ते पण बाबाच. दोन दामू पाटील, एकमेकांशी न बोलणारे. शेखर आरशात बघत होता आणि मला बघत होता. त्या दहा दिवसांत तो माझ्याशी एकच वाक्य बोलला, ते तेव्हा.

“आरसा हलवू नको.”

मी हलवत नव्हतो. त्याची मान हलत होती.

तेरावं झाल्यावर वाशिंदला आलो. स्टेशन रोडच्या तोंडाशी नवीन बॅनर लागला होता. मध्ये गणवेशातला एक पोरगा, मिसरूड नुकतं आलेलं, वीर संदीप, आणि त्याच्या भोवती त्याच्यापेक्षा मोठे चेहरे, हात जोडलेले, सगळे हसरे, कारण फोटो वाढदिवसाच्या बॅनरचेच होते. खालच्या ओळीत टोकाला शेखर होता. केसांसकट.

सलून उघडं होतं. टीव्ही बंद. साईनाथ गिऱ्हाइकांच्या खुर्चीत बसला होता आणि समोरच्या आरशात बघत होता. डोक्यावर केस नव्हते, मिशी नव्हती. भावाचं क्षौर केलेलं. त्याला आरशात मी दिसलो. दोन गोटे केलेली डोकी, वर ट्यूब.

“बसा, काका,” उठत तो म्हणाला. मी बसलो. कापायला काही नव्हतं. त्यानं कापड झटकलं, माझ्या गळ्याभोवती बांधलं, आणि मग काय करायचं ते न सुचून दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवून उभा राहिला.

“बाबा गेले माझे,” मी म्हणालो.

“कळलं. स्टेटस बघितला.”

“संदीप...”

“हां.” त्याचा अंगठा कापडाची गाठ चाचपत राहिला. “त्या दिवशी तुमी काय बोललात, ते परत बोला ना, काका.”

मला कळलं तो काय म्हणतोय ते. मी न कळल्यासारखं केलं.

“सगळे वीर बोलतात त्याला,” साईनाथ म्हणाला. “येतात, हार घालतात, वीर बोलतात. चांगलं हाय ते, मी नाय नको बोलत. पण आई रडायला लागली की तिला पण गप करतात, वीराची आई हाय तू, बोलतात. तेवीस वर्साचा व्हता ओ. वरणभातावर लिंबू नाय मिळालं तर उठून जायचा. कोणीच एकदा पण बिचारा बोललं नाय त्याला. तुमाला येतं ते. एकदा बोला.”

शब्द माझ्या तोंडात होता. जिभेवर, तयार, दहा वर्षांत त्या खुर्चीत मी बोललेल्या सगळ्या शब्दांत तेवढाच खरा होता. मी आरशात बघितलं. मागं बाकावर पिवळा टी-शर्ट बसला होता. आज निळा होता, पण तोच. मान खाली घालून मोबाईलवर काहीतरी करत होता. गेम खेळत असेल, काहीही करत असेल. मग त्यानं मान वर केली.

“ऊन फार झालंय यंदा,” मी म्हणालो.

साईनाथ आरशातून माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं माझ्या खांद्यांवरचे हात काढले.

“हां,” तो म्हणाला. “फार,” आणि पंखा माझ्याकडं वळवला.